हृदय सांगेल, या भरवशावर राहू नका

गेल्या काही वर्षांत एक सिद्धांत आपल्याकडे फार वेगाने पसरला आहे. कंपन्यांच्या तणावमुक्ती शिबिरांत, ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानांत, श्वसनाच्या वर्गांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत तो जवळपास त्याच शब्दांत ऐकू येतो. हृदय हा नुसता पंप नाही, त्यात चाळीस हजार चेतापेशींचा स्वतःचा मेंदू आहे. मेंदू हृदयाला जेवढे निरोप धाडतो, त्याहून जास्त निरोप हृदय मेंदूला धाडतं. तेव्हा खरा सूत्रधार हृदयच. त्याचं ऐकायला शिका, मेंदूतून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नस जागी करा, म्हणजे काही बिघडण्याआधी तेच तुम्हाला सांगेल.

यातली आधीची विधानं अर्धवट खरी आहेत, आणि अर्धवट खरी असल्यामुळेच ती टिकून आहेत. शेवटचं विधान मात्र घातक आहे. हृदय आपली खबर वेळेवर आणि नेमकी देतं, असं ज्याने मनाशी धरलं, तो माणूस जबडा ओढतोय, पोटात मळमळतंय, अंगाला दरदरून घाम सुटलाय अशा वेळीसुद्धा सोडा पिऊन पडून राहतो. हृदयाचं असतं तर कळलं असतं, असं त्याला वाटतं. शरीरशास्त्र नेमकं उलट सांगतं. हृदयाकडून मेंदूकडे जाणारी वाट अंधुक आहे, तिच्यावर इतर अवयवांचीही वर्दळ आहे, आणि मधुमेहासारख्या आजारात ती कसलीही चाहूल न देता बंद पडते. हे मऊ शब्दांत सांगण्याची वेळ आता गेली, असं माझं मत आहे.

रक्ताभिसरण शोधून काढणारा विल्यम हार्वे हा इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा वैद्य. त्याच्या पाहण्यात आयर्लंडच्या व्हायकाउंट माँटगोमेरी घराण्यातला एक तरुण आला होता. लहानपणी त्याच्या छातीला भयंकर दुखापत झाली होती. जखम भरली, पण बरगड्यांच्या जागी भोक राहिलं आणि त्यातून धडधडणारं हृदय दिसत असे. हार्वेने आत बोटं घालून त्या हृदयाला स्पर्श केला, राजालाही करायला लावला. तरुणाला त्याची जाणीवच झाली नाही. डोळ्यांनी दिसलं किंवा बाहेरच्या कातडीला हात लागला, तरच त्याला कळत असे. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हार्वेने हे लिहून ठेवलं. तेव्हापासून आजवर या निरीक्षणाला बाध आलेला नाही. त्वचेला जसा स्पर्श कळतो, तसा हृदयाला कळत नाही.

मग हृदयाला कळतं काय? त्याच्या भिंतींत आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांत ताण ओळखणारी टोकं आहेत. कप्पा किती भरला, महाधमनी किती ताणली गेली, याची माहिती क्षणोक्षणी मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेकडे जाते आणि तिथून गती कमी-जास्त करण्याचे हुकूम परततात. आपण खुर्चीतून उठलो की रक्त पायांकडे ओढलं जातं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या टोकांना दाब घसरल्याचं समजतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला भोवळ येत नाही. हे सगळं घडून जातं तरी आपल्याला पत्ता नसतो. हृदय आणि मेंदू यांच्यातलं बहुतेक संभाषण असंच चालतं, जाणिवेच्या दाराशी न येता. 'हृदयाचं ऐका' म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करायला हवा. ज्या निरोपांच्या संख्येचा ते हवाला देतात, ते निरोप ऐकण्यासाठी नसतातच.

जाणिवेपर्यंत पोहोचतो तो एकच मोठा निरोप, वेदना. रक्त कमी पडलं की हृदयाच्या स्नायूत आम्ल, ॲडिनोसिन, ब्रॅडिकायनिन अशी द्रव्यं साचतात आणि बारीक मज्जातंतूंची टोकं चेतवतात. हे तंतू मुख्यतः ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसांबरोबर मागे जातात आणि छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीला मज्जारज्जूत शिरतात. तिथे एक अडचण आहे. ज्या पेशींवर ते उतरतात, त्याच पेशींवर छातीच्या, खांद्याच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेचे व स्नायूंचे तंतूही उतरतात. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं असली की वीज कुणी जाळली हे आकड्यावरून सांगता येत नाही, तशी मेंदूची गत होते. आयुष्यभर त्या वाटेने हाताच्या आणि छातीच्याच खबरी आलेल्या असतात, म्हणून मेंदू दुखणं हाताच्या खात्यावर टाकतो. काही तंतू व्हेगसमार्फत वर जातात आणि त्यांचा परिणाम मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून कुणाची दाढ दुखते, कुणाचा गळा आवळल्यासारखा होतो.

विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्याने १७६८ साली या दुखण्याचं पहिलं तपशीलवार वर्णन केलं. चालताना छातीत आवळतं, उभं राहिलं की थांबतं, डाव्या हातात उतरतं, हे सगळं त्याने टिपलं. पण हे दुखणं हृदयातून येतं, हे त्याच्या त्या वर्णनात नव्हतं. आयुष्यभर असे रुग्ण पाहणाऱ्या अनुभवी वैद्यालाही नुसतं दुखण्याचं वर्णन ऐकून हृदयावर बोट ठेवता आलं नाही. मग रात्री जेवणानंतर छाती जळजळते म्हणून उठलेल्या माणसाने ते स्वतःच्या अंतर्मनाच्या बळावर ओळखावं, ही अपेक्षा कुठल्या आधारावर करायची?

हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका तर फसवण्यात सगळ्यांत पुढे असतो. ही भिंत पोटाच्या पडद्यावर टेकलेली असते आणि तिथे व्हेगसची टोकं दाट असतात. ती चेतवली गेली की उलट प्रतिक्षिप्त क्रिया घडते. नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, मळमळतं, उलटी होते, अंग गार पडतं. या क्रियेला बेझोल्ड-यारिश ही दोन शास्त्रज्ञांची नावं चिकटली आहेत. घरात मात्र तिला पित्त म्हणतात, गॅस म्हणतात. नाडी धावत नाही, उलट संथ असते, म्हणून घरच्यांना आणखी धीर येतो. ज्या व्हेगसच्या शांत करणाऱ्या गुणाचं कौतुक शिबिरांत चालतं, तीच व्हेगस इथे मोठा आजार झाकून टाकते.

आणि कधी कधी निरोप येतच नाही. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास झाला. त्यातली तीस वर्षांची माहिती १९८४ साली मांडली गेली. नोंदलेल्या झटक्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक झटके दर दोन वर्षांनी होणाऱ्या ठरलेल्या ईसीजीतच उघड झाले होते. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना काहीच जाणवलं नव्हतं. उरलेल्यांना काहीतरी जाणवलं होतं, पण त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना हृदयाची शंका आली नव्हती. स्नायूचा तुकडा मेला आणि मालकाला खबर नाही. 'हृदय सांगेल' या विधानाची परीक्षा घ्यायची तर याहून स्पष्ट परीक्षा कोणती?

मधुमेहात हा प्रश्न दुप्पट बिकट होतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ साली भारतातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचं मांडलं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर मज्जातंतू खाते, आणि लांब तंतूंना आधी गाठते. तळपायांना मुंग्या येतात ते म्हणूनच. आतल्या अवयवांच्या नसांत सर्वांत लांब आहे व्हेगस. तिचा लगाम सुटला की विश्रांतीतही नाडी नव्वद-शंभरच्या घरात राहते. पुढे सिंपथेटिक तंतू जातात, मग उभं राहताच दाब वीस अंकांनी किंवा त्याहून अधिक घसरतो, आणि वेदना नेणारे तंतूही बोथट होतात. टाइप २ मधुमेह असलेल्या आणि हृदयाची कुठलीही तक्रार नसलेल्या पाचशेहून अधिक लोकांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात साधारण दर पाचांमागे एकाच्या हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. हा धोका ओळखायला सर्वांत उपयोगी ठरलेल्या खुणांत एक होती श्वास रोखून जोर लावल्यावर नाडीचा प्रतिसाद बिघडणं, म्हणजे नसा खराब झाल्याची खूण.

म्हणून प्रत्येक मधुमेहीने तक्रार नसताना ट्रेडमिलवर धावत सुटावं, असं मी म्हणत नाही. त्याच पाहणीचा पुढचा भाग २००९ साली आला. सरसकट स्कॅन केल्याने पुढचे झटके लक्षणीय कमी झाले नाहीत, हेही त्यात निघालं. पण साधी तपासणी तरी व्हावी. मिनिटाला सहा अशा संथ श्वासांत नाडी किती वर-खाली होते हे ईसीजीवर मोजतात. तरुण निरोगी माणसात श्वास घेताना आणि सोडतानाच्या गतीत पंधरा किंवा त्याहून अधिक ठोक्यांचा फरक असतो. दहाहून कमी फरक बिघाडाकडे बोट दाखवतो, वयाचा हिशेब धरून. ही एडिनबरोची युइंग यांची पद्धत चाळीस वर्षांहून जुनी आहे, तिला महागडं यंत्र लागत नाही. व्हेगसवर तासभर बोलणाऱ्या किती वक्त्यांनी आपल्या श्रोत्यांतल्या मधुमेहींना ही तपासणी सुचवली असेल? व्हेगसचा सर्वांत मोठा आणि सर्वांत खरा आजार त्यांच्या समोरच्या खुर्च्यांवर बसलेला असतो.

इथे कुणी म्हणेल, सरावाने जाणीव तीक्ष्ण करता येते. नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके मोजण्याची चाचणी मानसशास्त्रात १९८१ पासून वापरात आहे. तिच्यातले गुण म्हणजे शरीराचं ऐकण्याची क्षमता, असं अनेक वर्षं धरलं गेलं. नंतर संशोधकांनी सूचना बदलून पाहिली. अंदाज करू नका, जो ठोका खरोखर जाणवला तोच मोजा, असं सांगितल्याबरोबर अचूकता धाडकन खाली आली. म्हणजे लोक ठोके मोजत नव्हते. आपली नाडी सत्तर-बहात्तर असते हे ठाऊक असल्याने वेळेवरून आकडा काढत होते. ध्यानाला बसल्यावर ज्यांना आपलं हृदय स्पष्ट ऐकू येतं असं वाटतं, त्यांच्यावर मी खोटेपणाचा आरोप करत नाही. त्या अनुभवावर निदान उभं करू नका, इतकंच माझं म्हणणं आहे.

आता त्या चाळीस हजार चेतापेशींकडे वळतो. त्या खऱ्या आहेत. कॅनडातले शास्त्रज्ञ अँड्र्यू आर्मर यांनी हृदयावरच्या चरबीत दडलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांचा दीर्घ अभ्यास केला आणि त्या जाळ्याला हृदयावरचा छोटा मेंदू असं नाव दिलं. माणसाच्या हृदयातल्या या पेशींचा एक अंदाज चौदा हजारांच्या वर होता. लिथुएनियातल्या गटाचा नंतरचा अंदाज सुमारे त्रेचाळीस हजारांचा आहे. डोक्यातल्या मेंदूत याच पेशी आठ हजार सहाशे कोटींच्या आसपास असतात. मधमाशीच्या मेंदूतसुद्धा दहा लाखांच्या जवळपास. पण मी संख्येवर वाद घालत नाही. थोड्या पेशीही मोठं काम करू शकतात. विचारायचं ते हे की त्या करतात काय. व्हेगसकडून आलेला हुकूम पुढे देणं, शेजारच्या कप्प्यातला ताण लक्षात घेऊन तो थोडा बदलणं, एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा तोल राखणं. अतिशय सुंदर काम आहे, आणि आलिंदांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, लय बिघडते त्या विकारांत या पुंजक्यांचा हात असल्याने त्यांच्यावर गंभीर संशोधन चालू आहे. पण निर्णय घेणं, आठवण ठेवणं, माणूस ओळखणं यासाठी लागणारी रचना तिथे नाही, आणि तसं काही घडत असल्याचा पुरावाही नाही.

याची कसोटी आपल्यासमोर अर्ध्या शतकाहून अधिक काळ घडते आहे. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. पुढच्या तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण परळच्या त्या शस्त्रक्रियागृहात जे धाडस दाखवलं गेलं, त्याची आपल्याकडे पुरेशी आठवण ठेवली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रत्यारोपणात बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा कापल्या जातात. चरबीतले ते पुंजके मात्र बऱ्याच अंशी नव्या हृदयाबरोबर येतात. म्हणजे ज्याला छोटा मेंदू म्हणतात, तो दात्याचा असतो. तरीही शुद्धीवर आलेला माणूस आपल्या बायकोला ओळखतो, आपल्या गावाचं नाव सांगतो, आपलीच भाषा बोलतो. दात्याच्या आवडीनिवडी रुग्णात उतरल्याच्या कथा फिरतात खऱ्या, पण मोठं आजारपण, भारी औषधं आणि दुसऱ्याचं हृदय छातीत असल्याची जाणीव यांनी माणूस बदलणं साहजिक आहे. त्यासाठी हृदयाला स्मृती बहाल करावी लागत नाही.

त्या सुट्या झालेल्या हृदयाचं वागणं तर फारच बोलकं आहे. ते ठोके देत राहतं, कारण लय उजव्या आलिंदातल्या पेशींच्या एका बारीक पट्ट्यातून निघते. कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ साली त्या पट्ट्याचं वर्णन केलं. गर्भात नसा पोहोचण्याच्या आधीच, चौथ्या आठवड्यात, हृदय हलू लागतं तेही लय हृदयाच्या आतूनच निघते म्हणून. पण प्रत्यारोपित हृदय विश्रांतीत नव्वद ते एकशे दहाच्या गतीने धावतं, कारण लगाम धरणारी व्हेगस उरलेली नसते. जिना चढायला लागलं की लगेच वेग घेत नाही, रक्तातून ॲड्रिनॅलिन येईपर्यंत थांबतं, आणि बसल्यावर लवकर शांतही होत नाही. मेंदूची साथ तुटली की या छोट्या मेंदूला साधा जिनाही सांभाळता येत नाही. आणि रोहिण्या चोंदल्या तरी बहुतेकांना छातीत दुखत नाही. काहींत काही वर्षांनी नसा थोड्याफार परत फुटतात, पण त्यावर विसंबता येत नाही. म्हणून या रुग्णांची अँजिओग्राफी कसलाही त्रास नसताना ठरावीक काळाने करतात. त्यांचे डॉक्टर हृदयाचं ऐकत बसत नाहीत, आत जाऊन पाहतात.

हृदय जास्त निरोप पाठवतं हा दावा कुठून आला, तेही पाहू. व्हेगसमधले सुमारे ऐंशी टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे जाणारे असतात, ही माहिती मांजरांवरच्या जुन्या मोजणीतून आली आणि ढोबळमानाने ती मान्य आहे. पण ते सगळे तंतू हृदयाचे नव्हेत. त्यात फुप्फुसं आहेत, अन्ननलिका, जठर, आतडं, यकृत आहे. संपूर्ण नसेचा आकडा हृदयाच्या नावावर लावायचा आणि त्यावरून हृदय मेंदूचा धनी ठरवायचा, ही सरळ चूक आहे. निरोप जास्त आले म्हणून पाठवणारा धनी होत नाही, हे तर निराळंच.

व्हेगस 'चालू' करण्याच्या कल्पनेबद्दल थोडक्यात. वेबर बंधूंनी १८४५ साली ही नस विजेने चेतवून हृदय थांबवून दाखवलं. १९२१ मध्ये ओटो लोव्ही यांनी एका बेडकाच्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर ओतून, नस रसायनामार्फत काम करते हे सिद्ध केलं. शोध थोर आहेत. पण म्हणून व्हेगस वाढवा आणि हृदयरोग टाळा, असं गणित बसत नाही. हृदय निकामी होत चाललेल्या सातशेहून अधिक रुग्णांवर यंत्र बसवून व्हेगसला थेट उत्तेजन देण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१६ साली आलेल्या निकालात मृत्यू आणि आजार बळावणं यांत काही घट दिसली नाही. उलट बाजूने पाहिलं तर सिंपथेटिकचा हृदयावरचा मारा अडवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी याच आजारात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. मग मेंदूतूनच सिंपथेटिक दाबणारं मॉक्सोनिडीन हे औषध चांगलं ठरायला हवं होतं. त्याच्या चाचणीत मृत्यू वाढले आणि ती अर्ध्यावर थांबवावी लागली. ज्यांनी खरोखर मोजलं, त्यांना असे अनपेक्षित निकाल मिळाले. ज्यांनी मोजलं नाही, तेच एवढ्या खात्रीने बोलतात.

श्वसनाचं श्रेय मी नाकारत नाही. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ साली दाखवलं की जपमाळेची प्रार्थना असो की योगमंत्र, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया बळकट होते. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया यंत्रांनी तपासण्याच्या आग्रहासाठीच. महाराष्ट्राला या बाबतीत दुसरीकडून धडे घ्यायची गरज नाही. नाडी बंद करून दाखवणाऱ्या योग्यांवर वेंगर, बागची आणि दिल्लीचे बी. के. आनंद यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला आदर्श वाटतो. हृदय थांबवण्याचा दावा करणारे छातीतला दाब वाढवून हृदयाकडे परतणारं रक्त अडवत होते. मनगटावरची नाडी लागेनाशी होई, स्टेथोस्कोपमध्ये आवाज हरवत, पण ईसीजीवर हृदय आपलं काम करत होतं. त्या संशोधकांनी कुणाची टवाळी केली नाही. त्यांनी दाव्याशेजारी ईसीजी ठेवला.

व्हेगसचा सिद्ध झालेला उपयोग पाहायचा असेल तर अचानक दीडशे-दोनशेच्या गतीने धडधडायला लावणाऱ्या एसव्हीटी या विकारात पाहावा. अर्धवट बसवून रुग्णाला पंधरा सेकंद जोर लावायला सांगायचं, मग लगेच आडवं करून पाय वर उचलून धरायचे. २०१५ साली इंग्लंडमधल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली. नुसतं बसून जोर लावलेल्यांत हेच प्रमाण १७ टक्के होतं. आधी निदान, मग डॉक्टरांसमोर कृती. एवढं स्पष्ट काम असताना मानेवर बर्फ फिरवण्याचे सल्ले कशाला?

हाच विकार मला दुसऱ्या पक्षाकडे नेतो. हृदयाला बोलका गुरू मानणारे जितके चुकतात, तितकेच छातीतल्या प्रत्येक तक्रारीला 'टेन्शन' म्हणून परत पाठवणारेही चुकतात. त्यात डॉक्टरही आहेत. १९९७ साली अमेरिकेत एसव्हीटीच्या १०७ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. निम्म्याहून अधिक जणांचा विकार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता, आणि त्यातल्या अनेकांना, विशेषतः बायकांना, घबराट हे कारण सांगितलं गेलं होतं. हृदय खरोखर पळत होतं. घबराट मागून येत होती. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांच्या हृदयाची गती प्रकाशाच्या साह्याने मिनिटाला नऊशेपर्यंत नेली. धोक्याच्या जागी ते उंदीर जास्त बिचकू लागले. मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाचा मागचा हिस्सा शांत केला, तेव्हा ती भीती ओसरली. हृदयाची धडधड मेंदूत भीती निर्माण करू शकते, हे यातून दिसतं. माझ्या विरोधकांना हा प्रयोग आवडेल, आणि आवडावाही. पण त्यात हृदय भविष्य सांगत नाही. ते पळतं, आणि मेंदू प्रसंगानुसार त्याचा अर्थ लावतो. बरोबर किंवा चूक.

मनाचा हृदयावर होणारा परिणाम तर त्याहून पक्का आहे. शल्यविशारद जॉन हंटर यांना राग आला की छातीत कळ येई. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या बैठकीत वाद झाला आणि ते तिथेच गेले. जपानमध्ये १९९० साली वर्णन झालेल्या ताकोत्सुबो विकारात जवळच्या माणसाच्या मृत्यूसारख्या धक्क्याने हृदयाचं टोक फुग्यासारखं होऊन आकुंचन पावेनासं होतं. रुग्णांत पाळी गेलेल्या बायका फार मोठ्या संख्येने असतात. ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्यं अनेक पटींनी वाढतात, ईसीजी झटक्यासारखा दिसतो, माणूस दगावूही शकतो. ज्या बाईला 'मनाला लावून घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं जातं, तिच्या मनाला लागलेलं हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेलं असू शकतं. भावना हे कारण असणं म्हणजे आजार खोटा असणं नव्हे.

शेवटचा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. लोकांना या भाषणांनी बरं वाटतं, शांत झोप लागते, नुकसान काय? नुकसान वेळेचं आहे. रोहिणी बंद झाल्यावर स्नायू मिनिटागणिक मरत जातो. गुठळी विरघळवणारं औषध बारा तासांपर्यंत देता येतं, पण त्याचा खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांतच असतो. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हावा असा नियम आहे, पण घरातून निघायलाच रात्र उलटली तर त्या दहा मिनिटांचं काय करायचं? हृदय सांगेल या भरवशाने गेलेला वेळ कुठलंही श्वसन भरून देत नाही.

म्हणून या शिबिरांच्या आणि व्याख्यानांच्या आयोजकांकडे माझी मागणी आहे. श्वास शिकवा, प्राणायाम करून घ्या, पण त्याच सभागृहात, त्याच तासात आणखी एवढं सांगा. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही नव्याने आलेली कळ, आवळ किंवा जळजळ, चालताना वाढणारी किंवा घाम, धाप, मळमळ यांच्यासोबत आलेली, ही हृदयाची समजून चालायची. मधुमेह असेल, वय जास्त असेल तर नुसती अचानक लागलेली धाप किंवा विनाकारण गळून जाणंही पुरेसं आहे, दुखण्याची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून उठून घरी यायचं नाही. तक्रार चालू असेल तर तो थोड्या वेळाने पुन्हा काढायला लावायचा, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने पुन्हा करून घ्यायची.